रात्रीत अकरा वेळा वाफ

जानेवारीचा पहिला पंधरवडा, पहाटेचे पावणेपाच. मुलाने आईला पिकअपमधून गोधडीसकट उचलून आत आणलं. मागे सून, तिच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत नेब्युलायझर, म्हणजे वाफेचं मशीन. "सिस्टर, रात्रभरात अकरा वेळा वाफ दिली, तरी दम कमी होत नाही," हे मुलाचं पहिलं वाक्य. पुढचे सहा दिवस आम्ही या एका वाक्याचा अर्थ लावत होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

खानदेशातल्या एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली. थंडी पडली की सातपुड्याकडून येणाऱ्या गार वाऱ्याबरोबर दमेकरी यायला लागतात, आणि संक्रांतीपर्यंत वॉर्डात मशीनची घरघर रात्रंदिवस चालू असते. हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे ते माझ्यासारख्या वॉर्डात काम करणाऱ्यांसाठी, आणि घरात मशीन आणून ठेवलेल्या नातेवाइकांसाठीही. ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

बाईंचं वय ६१. वॉर्डात मी त्यांना माय म्हणत होते, इथेही तेच म्हणते. मायने आयुष्यात बिडी ओढलेली नाही. मिश्री लावायची, तेवढंच. पण दहाव्या वर्षापासून ती चुलीपुढे बसते आहे. कपाशी उपटून झाली की अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग लागतो, तो वर्षभर पुरतो. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओल्या असतात, मग गोवऱ्या आणि तुराट्या. सैपाकाच्या खोलीला खिडकी नाही, कौलातून जाईल तेवढाच धूर बाहेर. त्यात गेले बारा हंगाम ती नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठं खुडायला जाते. लाल मिरची उन्हात पसरलेली, हवेत तिचा ठसका. नवखा माणूस तिथे पाच मिनिटं उभा राहू शकत नाही. या बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर बसतात.

आमच्याकडे दम लागणाऱ्या प्रत्येकाला "दमा"च असतो. मायलाही सहा वर्षांपासून दमाच सांगितलेला. पण तिचा आजार सीओपीडी होता. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत धुराने वर्षानुवर्षं झालेली झीज भरून येत नाही. नळ्या अरुंद आणि कफाने भरलेल्या राहतात, फुफ्फुसाचे फुगे सैल पडतात, आत गेलेली हवा पुरती बाहेर येत नाही. सिगारेट न ओढणाऱ्या बायकांना हा आजार चुलीच्या धुराने होतो, आणि आपल्याकडे तो "बाईमाणसाला कसा होईल" म्हणून उशिरा ओळखला जातो. एवढा फरक मी आधीच सांगितला, कारण पुढची चूक याच फरकावर उभी आहे.

दाखल होताना

माय दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून बसली होती. ओठ शीळ घातल्यासारखे आवळून श्वास सोडत होती. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला वर ओढले जात होते. श्वास मिनिटाला ३४, नाडी १२६, साध्या हवेवर रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्के, अंगात थोडा ताप, कफ पिवळा-हिरवा. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्हीकडे बारीक शीळ, आणि खाली तर हवा जातानाचा आवाजच नाही. शीळ ऐकू येत नाही म्हणजे बरं आहे, असं नवीन मुलींना वाटतं. शीळ वाजायलासुद्धा थोडी हवा हलावी लागते.

मी तिला एका दमात आकडे मोजायला सांगितलं. ही माझी जुनी सवय. पूर्ण श्वास घ्यायचा आणि न थांबता एक, दोन, तीन म्हणत जायचं. तब्येत बरी असलेला माणूस पंचवीस-तीसपर्यंत सहज जातो. माय म्हणाली, "एक... दो..." आणि थांबली. "माले दम लागस व बाई," एवढं बोलायला तिला चार श्वास लागले.

ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी साल्ब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधांचं नेब्युलायझेशन, हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि प्रतिजैविक सांगितलं, आणि त्या दुसऱ्या वॉर्डातल्या अत्यवस्थ रुग्णाकडे गेल्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

माझी चूक

साध्या हवेच्या झोतावर नेब्युलायझर चालवणारा आमचा कॉम्प्रेसर त्या रात्री लहान मुलांच्या वॉर्डात गेलेला. मी नेब्युलायझरची नळी सरळ ऑक्सिजनचा झोत मोजणाऱ्या फ्लोमीटरला लावली आणि त्यातली गोळी मिनिटाला ८ लिटरवर ठेवली. औषधाचे थेंब बारीक फुटायला ६ ते ८ लिटरचा झोत लागतोच, आणि ऑक्सिजनवर मशीन चालवणं ही आमची वर्षानुवर्षांची पद्धत. वीस-वीस मिनिटांनी तीन वेळा औषध दिलं. मधल्या वेळात कपातलं औषध संपलं तरी मी मास्क काढला नाही. ऑक्सिजन चालू राहिलेला बरा, असं वाटलं. म्हणजे पाऊण-एक तास माय भरपूर ऑक्सिजनवर होती.

ऑक्सिमीटरवर ९७ आला. मुलाच्या चेहऱ्यावर रंग आला. श्वास ३४ वरून २०, मग १४. माय शांत झाली, डोळे मिटले. सून म्हणाली, "झोप लागली बघा, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता." मीही क्षणभर तेच समजले. पांघरूण सारखं करायला हात धरला तर तळहात गरम, नाडी टणटण उडणारी. हाक मारली, उत्तर नाही. तिसऱ्या हाकेला डोळे किलकिले झाले, "डोकं दुखस" म्हणाली आणि पुन्हा मिटले. हात पुढे धरायला लावला, तर मनगटातून बोटं फडफडत होती.

ही झोप नव्हती. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून येणारी गुंगी होती.

हे का होतं, ते मला नंतर मॅडमनी वॉर्डच्या फळ्यावर काढून दाखवलं. अशा फुफ्फुसात जिथे हवा पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीर स्वतःहून आवळून घेतं, म्हणजे रक्त बऱ्या भागाकडे वळतं. वरून भरमसाट ऑक्सिजन दिला की त्या आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात. रक्त पुन्हा निकामी भागातून फिरतं आणि कार्बन डायऑक्साइड न सोडताच परत येतं. त्यात रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलं की त्याने धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइडही सुटून रक्तात मिसळतो. आणि काही रुग्णांमध्ये ऑक्सिजन कमी असल्यामुळे श्वासाला मिळणारा रेटाही मंदावतो. म्हणून सीओपीडीत ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. ९७ हा आकडा आपल्याला बघायला छान वाटतो, या रुग्णाला तो जड जातो. टास्मानियात रुग्णवाहिकांमधल्या ४०५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सरसकट जास्त ऑक्सिजन मिळाला त्यांच्यात ९ टक्के दगावले, ज्यांना मोजून मिळाला त्यांच्यात ४ टक्के. नेब्युलायझरही त्या हिशोबात धरावा लागतो. कारण ऑक्सिजनवर चालवलेला नेब्युलायझर म्हणजे औषध आणि ऑक्सिजन असे दोन उपचार एकदम.

मॅडम धावत आल्या. माझा हात ऑक्सिजन बंद करायला गेला होता, त्यांनी थांबवलं. एकदम काढला तर ऑक्सिजन आधीच्यापेक्षाही खाली कोसळतो. मास्क काढून नाकातल्या नळीने १ लिटर ठेवला, ९० वर टेकला. धमनीतलं रक्त तपासलं: पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइड ७९, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं आणि कार्बन डायऑक्साइड बराच वाढलेला. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं मशीन, लावायचं ठरलं.

बायपॅपचा घट्ट मास्क चढवताना गुंगीतसुद्धा माय तो ओढून काढत होती. मुलगा घाबरून "नको, नको" म्हणाला. मी त्याला सांगितलं, "भाऊ, तुझ्या आईचे श्वासाचे स्नायू रात्रभर नांगर ओढल्यासारखे दमलेत. हे मशीन आता जुवाला खांदा देईल." मग पट्टे बांधायच्या आधी मी मास्क नुसता हाताने धरून बसले, दहा-बारा मिनिटं, तिच्या श्वासाशी मशीनचा मेळ बसेपर्यंत. सुरुवातीची ही दहा मिनिटं कुणी दिली नाहीत की बायपॅप फेकून दिला जातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. कॉम्प्रेसर मुलांच्या वॉर्डातून आला. नेब्युलायझरचा कप बायपॅपच्या नळीत मास्कजवळ टी-जोड घालून बसवला आणि या वेळी झोत साध्या हवेचा ठेवला. दोन तासांनी पीएच ७.३१, कार्बन डायऑक्साइड ६४. दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३७ आणि ५४. मायने डोळे उघडून पहिल्यांदा चहा मागितला.

त्या पहाटेची माझी नोंद मी केसपेपरवर जशी घडली तशी लिहिली: औषध कशावर चालवलं, किती लिटर, किती वेळ. लिहिताना हात जड झाला होता. पण ती नोंद नसती, तर दिवसपाळीला मायची गुंगी आजारामुळेच वाटली असती.

पिशवी

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलाला म्हटलं, "ते अकरा वेळा काय दिलं, ते मला दाखव." सुनेने पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. मशीन, नळी, मास्क, कप आणि औषधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कुप्या. त्याने एकही फेकली नव्हती, डॉक्टरांनी विचारलं तर दाखवता याव्यात म्हणून. त्या मुलाच्या या एका सवयीमुळे आम्हाला सगळं कळलं.

मी कुप्या ओळीत मांडल्या. चार कुप्या लेव्होसाल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमच्या, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या. उरलेल्या सात बुडेसोनाइडच्या. बुडेसोनाइड हे स्टेरॉइड आहे. ते सूज कमी करतं, पण आवळलेली नळी दहा मिनिटांत मोकळी करायचं काम त्याचं नाही. आधी चांगल्या कुप्या संपल्या आणि नंतर डब्यात जे सापडलं ते तो देत गेला. दोन्ही कुप्या एकसारख्या, अक्षरं बारीक, खोलीत मिणमिणता दिवा. औषधाच्या दुकानात तो दर वेळी "आईचं वाफेचं औषध द्या" एवढंच म्हणायचा, आणि त्याला दोन्ही मिळायची. अकरा वेळा वाफ दिली, त्यातली सात वेळा त्या क्षणाला उपयोग नसलेली. या दोन औषधांची कामं वेगळी आहेत हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"वाफ" या शब्दानेच आपला घात केला आहे, असं मला वाटतं. पातेल्यात गरम पाणी घेऊन डोक्यावर टॉवेल घेतला तरी वाफ, आणि मशीन लावलं तरी वाफ. खरं म्हणजे मशीनमधून येतं ते थंड औषधाचं धुकं. कॉम्प्रेसरची हवा कपाच्या तळाशी एका बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडते, बाजूचं औषध ओढून घेते आणि त्याचे कण उडवते. १ ते ५ मायक्रॉनचे कण खोल जातात, मोठे कण तोंडात-घशात चिकटतात. चांगल्या मशीनमधूनसुद्धा कपात घातलेल्या औषधाचा साधारण दहावा हिस्साच फुफ्फुसात पोहोचतो. काही कपाच्या भिंतीला राहतं, काही श्वास सोडताना हवेत जातं. एवढी गळती मुळातच आहे, मग मशीनची हेळसांड झाली तर उरतं काय?

मायचं मशीन मी आमच्या टेबलावर लावून पाहिलं. कपात अडीच मिलिलिटर सलाइन घातलं. आमच्या मशीनला त्याला आठ-दहा मिनिटं लागतात. हे सत्तावीस मिनिटं चाललं, आणि धुकं अगरबत्तीच्या धुरासारखं एक बारीक रेघ. मागचं झाकण उघडून हवा ओढायच्या जागेचा फिल्टर काढला. मूळचा पांढरा स्पंज काळाकुट्ट, आणि नखाने खरवडला तर लालसर भुकटी. मशीन चुलीच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेलं. जो धूर आणि मिरचीची भुकटी मायच्या छातीत गेली, तीच मशीनच्याही छातीत. कपाच्या छिद्रावर औषधाचं पांढरं कीट चढलं होतं. कप प्रत्येक वेळी माठातल्या पाण्याने खळखळून, ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे. तळाला बोट लावलं तर बुळबुळीत. ओल्या कपात जंतू वाढतात, आणि पुढच्या वेळी मशीन त्यांचेही बारीक कण करून थेट फुफ्फुसात पोहोचवतं. मायच्या हिरव्या कफाला हाच कप कारण होता असं मी म्हणू शकत नाही, पण तो कप मी पुन्हा तिच्या तोंडाजवळ जाऊ दिला नाही.

सुनेने आणखी एक गोष्ट हळूच सांगितली. औषध पुरवायचं म्हणून शेवटच्या काही वेळांना तिने कपात थोडं उकळून गार केलेलं पाणी घातलं होतं. तिचा हेतू चांगला होता. पण साधं पाणी, कितीही स्वच्छ असलं तरी, नळ्यांना झोंबतं आणि त्या आणखी आवळतात. वाढवायचंच असेल तर ०.९ टक्के सलाइन, तेही नवीन फोडलेलं. तिला हे सांगताना मी आवाज अगदी खाली ठेवला. शेजारच्या खाटेवरच्या बायका ऐकत होत्या, आणि रात्रभर जागून सासूची सेवा करणाऱ्या सुनेला चारचौघांत दोष देऊन मला काही साधायचं नव्हतं.

त्या रात्री दोन ते साडेतीन गावात वीज नव्हती, हेही तेव्हाच कळलं. दीड तास मशीन नुसतं उशाशी पडून होतं.

रक्तात पोटॅशियम ३.१ आलं, म्हणजे कमी. साल्ब्युटामॉलने पोटॅशियम रक्तातून पेशींमध्ये ओढलं जातं, आणि स्टेरॉइडनेही ते घटतं. सिरप दिलं, ईसीजी दोनदा काढला. दोन दिवसांत ठीक झालं.

मास्क आणि डोळे

तिसऱ्या दिवशी मायची तक्रार होती की डोळ्यांपुढे धूसर दिसतं. मी तिला नेब्युलायझेशन घेताना बाजूला बसून पाहिलं. दात नाहीत, गाल आत गेलेले, त्यामुळे मास्क गालांवर बसतच नव्हता. शिवाय गुदमरल्यासारखं होतं म्हणून ती मास्क बोटभर लांब धरायची. धुकं वरच्या फटीतून सरळ डोळ्यांत. इप्राट्रोपियम डोळ्यांत गेलं की बाहुली मोठी होते, दिसायला धूसर होतं, आणि काचबिंदू असलेल्यांना तर ते धोक्याचं. मास्क लांब धरला की औषधही निम्म्याहून कमी पोहोचतं. तोंडात धरायची नळी लावली. दात नसले तरी ओठ छान मिटतात. हळू, सावकाश श्वास, मध्येमध्ये एखादा खोल. नेत्रतज्ज्ञांनी तपासलं, डोळ्यांचा दाब ठीक निघाला. धूसरपणा दुसऱ्या दिवशी गेला. बुडेसोनाइड मास्कमधून दिलं तर नंतर तोंड धुवायचं आणि चूळ भरायची, हेही कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या टाळूवर पांढरे ठिपके होते.

पंप नको

चौथ्या दिवशी मॅडमनी पंप (इन्हेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, लिहून दिलं, आणि खरी लढाई सुरू झाली. "पंप नको व बाई, सवय लागी जास," माय म्हणाली. मुलगाही नाराज. गावात मशीन म्हणजे मोठा उपचार आणि पंप म्हणजे शेवट, असा समज पक्का आहे. असे पंप १९५६ पासून वापरात आहेत, आणि मायच्या पंपातलं औषध मशीनमधलंच, साल्ब्युटामॉल. मशीनने २.५ मिलिग्रॅम देऊन जे साधतं ते बहुतेक वेळा स्पेसरमधून चार ते आठ वेळा दाबून साधतं. विजेची गरज नाही, फिल्टर नाही, पिशवीत मावतं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात मशीनचं धुकं संसर्ग पसरवेल म्हणून आमच्या वॉर्डात जिथे जमेल तिथे पंप-स्पेसरच चालला, आणि काम अडलं नाही. साथ ओसरली तशी आम्हीच पुन्हा सवयीने मशीनकडे वळलो. रुग्णांचा गैरसमज कसा तयार होतो, याचं एक उत्तर आमच्याच हातात आहे.

नुसतं सांगून पटत नाही. मायची दुपारच्या औषधाची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, "माय, आकडे मोज." नऊपर्यंत गेली. मग स्पेसर हातात दिला. पंप नीट हलवला, एकदा दाबला, स्पेसरमधून चार-पाच शांत श्वास. अर्धा मिनिट थांबून दुसरा. असे चार. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावलं. तेरा. माय स्पेसरकडे बघत राहिली. "आते बरं वाटस," म्हणाली, आणि लगेच, "पण सवय?" मी विचारलं, "भाकरीची सवय लागली म्हणून भाकरी सोडली का?"

मुलाला स्पेसरचे पैसे जड वाटत होते. त्याला मी सांगितलं की १९९९ मध्ये केपटाउनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर करून दम्याच्या मुलांवर तपासला होता आणि तो विकतच्या स्पेसरइतकाच चालला. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक, फट राहू द्यायची नाही. त्याने संध्याकाळी कँटीनमधून बाटली आणून तसा एक करूनही दाखवला. शेवटी विकतचा घेतला, पण बाटलीचा शेतात ठेवायचा म्हणाला.

सर्वच रुग्णांना पंप पुरतो असं मी म्हणत नाही. ज्याला एक शब्द बोलता येत नाही, जो गुंगीत आहे, ज्याचे हात कापतात, त्याला मशीनच बरं. पहिल्या पहाटे मायला मशीन देणं बरोबरच होतं, चुकलं ते कशावर चालवलं ते.

घरी जाताना

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे, ४० मिलिग्रॅमचे एकूण पाच दिवस पूर्ण करून सहाव्या दिवशी माय घरी गेली. हवेवर ऑक्सिजन ९१, एका दमात सतरा. रोजसाठी दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाचा एक पंप, त्रास झाला तर साल्ब्युटामॉलचा दुसरा. दोन पंपांचा घोळ पुन्हा कुप्यांसारखा होऊ नये म्हणून रोजच्या पंपाला मी देवाला लावतात तसं हळदीचं बोट लावून दिलं, आणि त्यावर चिकटपट्टी. न्यूमोकोकस आणि फ्लूच्या लसी लिहून दिल्या.

मुलाच्या वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: त्रास झाला तर स्पेसरमधून चार वेळा. वीस मिनिटांनी पुन्हा चार. तिसऱ्यांदा देऊनही आकडा आठच्या वर जात नसेल, किंवा चार तासांच्या आत पुन्हा गरज पडली, किंवा आई सुस्तावली, उलटसुलट बोलू लागली, तर वाट न बघता १०८. आणि खाली: रुग्णवाहिकेत सांगा, "सीओपीडी आहे, ऑक्सिजन ८८ ते ९२."

मशीन फेकायला लावलं नाही. नवा कप, नवा फिल्टर. रोज एकदा साबणाच्या कोमट पाण्याने कप धुवायचा, प्रत्येक वापरानंतर उकळून गार केलेल्या पाण्याने खळखळायचा, झटकून स्वच्छ फडक्यावर उघडा वाळवायचा. नळी धुवायची नाही. मशीन चुलीच्या खोलीत ठेवायचं नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा, पुसायचा नाही, कारण पुसला की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. हे सगळं मी सुनेकडून करवून घेतलं, दोनदा.

आमच्या वॉर्डातही बदल झाला. मेडिसिनला स्वतःचा कॉम्प्रेसर मिळाला, त्यासाठी तीन अर्ज करावे लागले. सीओपीडीच्या खाटेवर आता फ्लोमीटरलाच चिठ्ठी लटकते: नेब हवेवर, ऑक्सिजन नाकातून. कॉम्प्रेसर नसेल आणि ऑक्सिजनवरच द्यावं लागलं, तर सहा मिनिटं, घड्याळ बघून, आणि मास्क लगेच काढायचा. नवीन मुलगी ड्युटीवर आली की मी तिला मायच्या केसपेपरमधलं माझं ते पान वाचायला देते.

माझं माहेर मायच्या गावाच्या बाजूचं. महाशिवरात्रीच्या सुटीत गेले तेव्हा वाकडी वाट करून तिच्या घरी डोकावले. माय अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होती. उज्ज्वलाची शेगडी दोन वर्षं फक्त चहापुरती होती, आता भाजीही तिच्यावर होते. भाकरी मात्र चुलीवरच, "गॅसवर कळण्याच्या भाकरीला चव नही." पण चूल घराबाहेर, पत्र्याच्या आडोशाला आली होती, आणि माय तिच्यापुढे बसत नव्हती. थंडीत एकदा रात्री त्रास झाला होता. दोनदा चार-चार वेळा पंप घेतला, आकडा सहावरून बारावर आला, दवाखाना लागला नाही. वहीत तारीख आणि आकडे मुलाने लिहून ठेवले होते.

पथारीवर माय आता जात नाही. तिच्या जागी सून जाते. आम्ही बोलत असतानाच ती परत आली, तोंडाला बांधलेला पदर सोडला आणि भिंतीला धरून बराच वेळ खोकत राहिली. मायने लसूण खाली ठेवला.

"तू बी मोज बरं," ती सुनेला म्हणाली. "एका दममा."

सून लाजली, माझ्याकडे बघितलं, आणि मोजायला लागली. माय बोटं धरून ऐकत होती.